चोथा

माझ्या मोबाइलमध्ये दोन नंबर एकाखाली एक आहेत.
पागनीस मेलबर्न.
पाटीदार सेकंड फ्लोअर.
पाच वर्षांत त्यांनी एकमेकांना पाहिलं नाही.
करारावरच्या सह्यासुद्धा
मीच आधी एकीकडून, मग दुसरीकडून आणल्या,
दर अकरा महिन्यांनी.

लोकमान्य नगरात एक दिवसाआड
पहाटे सहाला नर्मदेचं पाणी येतं,
तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले असतात, कधी साडेअकरा.
घड्याळाचे काटे ते लोक मागेपुढे करतात.
राग मात्र बरोबर माझ्या चहाच्या वेळेला येतो.

"त्याला सांगा, सात तारीख म्हणजे सात.
नाहीतर सामान जिन्यात काढीन."
मी खालच्या किराणा दुकानापाशी थांबते, फोन लावते:
भैयाजी, साहब पूछ रहे थे, घर में सब ठीक?
और हां, किराया… इसी हफ्ते देख लीजिए.

पाटीदारचा मिरचीचा धंदा, माणूस खरगोनचा.
बोलणं त्याच मालासारखं.
"बाथरूम की दीवार छह महीने से रो रही है,
तुम्हारे मालिक की जेब नहीं पसीजती?"
मी टाइप करते:
दादा, भिंतीला किंचित ओल दिसते.
घर स्वतःचं समजून राहतात ते, म्हणून लक्षात आलं.

हिंदीतलं मराठीत, मराठीतलं हिंदीत,
दोन्हीकडे गाळूनच द्यावं लागतं.
चोथा माझ्याकडे राहतो.
माझे भाड्यामागे साडेसात टक्के.
चोथ्याचे वेगळे नाहीत.

(मी स्वतः राहते परदेशीपुऱ्यात, भाड्यानं.
मालक वरच्याच मजल्यावर.
आमच्या मधे कुणी नाही,
म्हणून बोलणंही नाही.)

एकदा घाईत चूक झाली.
पागनीसांचा आवाज जसाच्या तसा पुढे गेला.
दिवसभर मी फोन उलटा ठेवला.
संध्याकाळी पाटीदारचा निरोप:
"दीदी, ये 'कोडगा' क्या होता है?
साहब ने दो बार बोला."
रिक्षात होते. समोर लाल सिग्नल.
म्हटलं, कोडगा मतलब…
जो टिक जाए. मजबूत.
तो खूश झाला.
त्या महिन्यात भाडं तीन तारखेला आलं.

आणि मग या मार्चमध्ये
पागनीस आले, फ्लॅट विकायला.
मी किल्ल्या, मीटरचं रीडिंग, डिपॉझिटचा हिशोब
घेऊन उभी.
ओल आलेल्या भिंतीसमोर दोन पुरुष.
पाटीदारनं पुढे होऊन हात जोडले:
"साहब, आपने हमेशा घर की खैरियत पूछी.
अब क्या बोलूं. मैं तो कोडगा आदमी हूं,
पांच साल टिक गया."

पागनीसांनी माझ्याकडे पाहिलं.
मी मीटरचा आकडा परत वाचला. चार हजार
सातशे काहीतरी. शेवटचा आकडा दिसेना.
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
खाली कचऱ्याच्या गाडीचं गाणं येऊन गेलं.

मग ते भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले,
हिंदी मोडकी, पण स्वतःची,
"पाटीदारजी, कोडगा तो… हम हैं.
छह महीने नहीं, बाद में भी दीवार नहीं ठीक की."

डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे होते.
कापले नाहीत.

दोघं बोलत जिना उतरले.
मी वर, रिकाम्या खोलीत, कुलूप हातात,
सवयीनं कान देऊन उभी:
काय कमी करायचं,
काय जोडायचं.
एकाचा आवाज चढला. मी दारापर्यंत धावले.
हसत होते.